किल्ल्यांच्या जुडग्यातली हत्यारं

खान्देशातल्या जुन्या शेतकऱ्याच्या करदोट्याला कोठीची किल्ली असायची आणि तिच्याच शेजारी काटा काढायचा लोखंडी चिमटा. काहींच्या कडीत कानकोरणं-दातकोरणंही असे. तंबाखूची चंची बंडीच्या खिशात जायची, पण चिमटा मात्र अंगालाच बांधलेला. कारण साधं होतं. बांधावर बाभूळ, हिवर, बोरी. वहाणेचा तळ कितीही जाड असला तरी बाभळीचा काटा तो भेदून तळव्यात शिरतो, आणि शिरतो तेव्हा माणूस गावापासून चांगला लांब असतो. घरच्या फडताळात ठेवलेला चिमटा त्या वेळी काय कामाचा?

ही सोय फार जुनी आहे. हडप्पाच्या उत्खननात तांब्याचा असाच एक संच सापडला. त्यात चिमटा, कानकोरणं आणि टोचा अशा तीन वस्तू वरच्या टोकाला एकत्र अडकवलेल्या आहेत. मेसोपोटेमियातल्या उर या शहरातही याच धाटणीचे संच मिळाले. पुढे रोमन लोकही चिमटा, कानकोरणं आणि नखं साफ करायची सळई एका कडीत घालून वापरत. म्हणजे कडीत अडकवलेली हत्यारं माणूस चार हजार वर्षांहून अधिक काळ बाळगतो आहे. सराफाकडे चांदीचं कानकोरणं आजही मिळतं, पण त्याला आता निवृत्त करायला हरकत नाही. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. कोरल्याने तो आत ढकलला जातो आणि हात हलला तर पडद्याला इजा होते. चिमट्याची गरज मात्र अजून संपलेली नाही.

आज करदोट्याची जागा मोटारसायकलच्या किल्लीने घेतली आहे. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कडीला लावायच्या वस्तूंची रेलचेल दिसते. चायना टॉर्च, नेलकटर, ओपनर, शिट्टी, नेत्याचा फोटो, वणीच्या सप्तशृंगीची चकती. त्यातलं काय घ्यावं? कडीतलं हत्यार मोठ्या हत्याराची बरोबरी कधीच करणार नाही. वेळ आली की पहिली पाच मिनिटं त्याने निभावून न्यायची, एवढंच त्याचं काम. म्हणून आपल्या मुलखात माणूस नेमका कुठे अडतो ते आधी पाहावं आणि मग खरेदीला निघावं. परदेशी छापाच्या संचात बाटलीचं ओपनर हमखास असतं, कारण पत्र्याचं बूच असलेली बाटली तिकडे रोजची. आपल्याकडे पाण्याची आणि थंड पेयाची बाटली आता फिरकीच्या झाकणाची. गोटी सोड्याच्या बाटलीला तर ओपनर चालतच नाही. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२च्या सुमारास काढलेल्या त्या बाटलीत गॅसच्या दाबाने गोटीच वर येऊन तोंड बंद करते आणि ती खाली दाबायला लाकडी ठोकळा किंवा दांडगा अंगठा लागतो. मे महिन्यात भुसावळला सोडा प्यायचा असेल तर ओपनर घरी राहिलं तरी चालेल.

नेलकटर मात्र ठेवावं. रेल्वेच्या डब्यात आणि एसटी स्टँडवर विकली जाणारी ही वस्तू आपण क्षुल्लक समजतो, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती फार हुशारीने बनवलेली आहे. तिच्यात दोन तरफा एकावर एक बसवलेल्या असतात. वरची दांडी मागे उलटवली की तिचा टेकू पुढच्या खिळीपाशी येतो, आपलं बोट दुसऱ्या टोकाला असतं आणि दाब टेकूच्या अगदी जवळ पडतो. त्यामुळे बोटाचा जोर काही पटींनी वाढतो. खालचे दोन जबडे मागे जोडलेले असल्यामुळे त्यांच्यात थोडा जोर वाया जातो, पण ते हात सोडताच स्वतःहून उघडतात. जाड नख, कपड्याचा दोरा, पिशवीची प्लॅस्टिक पट्टी, औषधाच्या पाकिटाचा कोपरा, सगळं याने कापता येतं, आणि त्याला कुणी शस्त्र म्हणत नाही. त्यातल्या कानशीने मोबाइलच्या काचेला चिकटलेला डिंकही निघतो असं सांगतात. काचेवर चरे पडले तर तक्रार माझ्याकडे आणू नये.

काट्यासाठी नेलकटर वापरू नका. जबडे काट्याचं टोक कापून टाकतात आणि उरलेला भाग आत राहतो. त्यासाठी तिरप्या टोकाचा पोलादी चिमटाच हवा. काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने उलटा, सरळ ओढायचा. आडवा हिसका दिला की तो आतच मोडतो. नंतर साबण-पाण्याने जखम धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं. काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तो चिकाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळाला गंभीर इजा होते, म्हणून ती रीत सोडलेली बरी.

आता टॉर्च. शेतीपंपांना थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने मिळते, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकाला सांगायला नको. रात्रीची पाळी आली की कपाशीतून, केळीच्या बागेतून वाट काढत मोटरीपर्यंत जावं लागतं. याच वेळी घोणस, नाग, मण्यार बाहेर असतात, आणि साप चावण्याच्या घटनांमध्ये अंधारात पडलेलं पाऊल हे मोठं कारण असतं. कडीतल्या इवल्या टॉर्चवर अशा वेळी विसंबू नये. तिचा झोत चार पावलांवर विरतो. शेतात जाताना मोठी बॅटरी, हातात काठी आणि पायात गमबूटच हवेत. पण मोठी बॅटरी मध्येच मालवली, स्टार्टरची पेटी उघडताना दोन्ही हात गुंतले, फ्यूजची तार पाहायची आहे, अशा वेळी दातांत धरता येणारी बारकी टॉर्च सोन्याच्या मोलाची. मोबाइलचा दिवा दातांत धरता येत नाही आणि विहिरीच्या कडेला तो हातातून निसटला तर खर्च मोठा.

ही टॉर्च इतकी लहान कशी झाली, त्यामागे एक दिवा आहे. तांबडे आणि हिरवे एलईडी अनेक वर्षं होते, पण निळा काही केल्या चांगला जमत नव्हता. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी, तसंच स्वतंत्रपणे शुजी नाकामुरा यांनी तो जमवला. १९९३मध्ये नाकामुरांच्या कंपनीने तेजस्वी निळा एलईडी बाजारात आणण्याची घोषणा केली. निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. या कामासाठी तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि सीआर २०३२ हा लिथियमचा चपटा सेलही तीनच व्होल्टचा. त्याच्या नावातच मापं आहेत: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. या सेलच्या अंगचा विरोध पुरेसा असल्यामुळे प्रवाह आपोआप आवरला जातो आणि मध्ये वेगळा रेझिस्टर न घालताही दिवा लागतो. एक सेल, एक दिवा, एक बटण. दोन मोठे सेल घालून काचेचा बल्ब पेटवणारी आजोबांची बॅटरी आठवली की हा बदल केवढा ते कळतं. अगदी स्वस्त टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे तीन-चार बारीक सेल एकावर एक रचलेले असतात.

या चकत्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, हे मात्र जोर देऊन सांगायला हवं. मुलाने सीआर २०३२सारखा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यात विजेचा प्रवाह सुरू होतो, क्षार तयार होतात आणि दोन तासांत आतल्या भिंती भाजून निघू शकतात. मूल रडत नाही म्हणून वाट पाहायची नाही, उलटी करवायची नाही, थेट एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. टॉर्चचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तीच घरात आणावी. दोन बोटांत उघडणारं झाकण दहा रुपयांत पडलं तरी महाग.

सी टाइप वायरने चार्ज होणाऱ्या नव्या टॉर्च जास्त उजेड देतात, पण त्यांच्यात लिथियम-आयन सेल असतो, आणि आमच्या भागात त्याला एक वेगळाच शत्रू आहे. असे सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असं बहुतेक उत्पादक सांगतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवाच ४५च्या घरात जाते. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा साठच्या वर चढतो. डॅशबोर्डवर ठेवून गाडीतच चार्जिंगला लावणं म्हणजे सेलचं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं. उन्हाळ्यात तरी ती रात्रीच चार्ज करावी.

खान्देशी कडीत शोभेल अशी पुढची वस्तू म्हणजे टेस्टर. बारक्या पेचकसात निऑनचा दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रेझिस्टर. टोक वायरला आणि बोट मागच्या टोपीला लावलं की प्रवाह दिव्यातून, आपल्या अंगातून जमिनीत जातो. २३० व्होल्टला तो पाव मिलिअँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे जाणवतही नाही, पण निऑनला तेवढा पुरतो. हे सगळ्यांना माहीत असतं. अनेकांना माहीत नसते ती पुढची गोष्ट. मोटर जोडलेली असताना तीनपैकी एक फेज गेली, तर मेलेल्या तारेवरही टेस्टर पेटू शकतो. उरलेल्या दोन फेजचा दाब मोटरीच्या गुंडाळीतून फिरून मागच्या बाजूने त्या तारेवर येतो. शेतकरी तिन्ही ठिकाणी लाल दिवा पाहतो, स्टार्टर दाबतो, मोटर घरघरते आणि थोड्या वेळात जळते. म्हणून तपासणी मोटरीच्या बाजूने कधी करू नये. मोटर सुटी करून येणाऱ्या लाइनच्या बाजूलाच टेस्टर लावावा. एक फेज गेली की पुरवठा तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा, तो टेस्टरच्या भरवशावर टाळू नये. शिवाय टेस्टर पेटला नाही म्हणजे तार मेलेली आहे असंही नाही. भर दुपारी निऑनचा उजेड दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो मंद लागतो, आणि टेस्टरच बिघडलेला असू शकतो. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर तो तपासून घ्यायचा. पाय ओले असतील तर हे काम करायचंच नाही. खिशात फिरून, पाण्याने भिजून, वाकून आलेला टेस्टर निकामी समजावा. त्यामुळे कडीत लावायचाच तर टोपण असलेला घ्या.

ठिबकवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. जैन इरिगेशनच्या जळगाव जिल्ह्यात १६ मिलिमीटरची नळी न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. उंदीर, खार किंवा खुरप्याचा घाव यांनी नळी फुटली की पाणी एकाच जागी धो धो जातं आणि ओळीच्या टोकाची झाडं कोरडी राहतात. प्लॅस्टिकचा जॉइनर आतून पोकळ असतो, म्हणजे तो किल्लीच्या कडीत सरळ ओवता येतो. वजन नगण्य. नळीचा फुटका तुकडा काटकोनात कापला, दोन्ही टोकं जॉइनरवर चढवली की काम झालं. ड्रिपरचं भोक मात्र खिळ्याने किंवा तापवलेल्या तारेने पाडू नये. ते वेडंवाकडं होतं आणि कडेने गळत राहतं. त्याचा पंच वेगळा मिळतो.

कापायचं म्हटलं की चाकू आलाच. लहान चाकूत अनेक हत्यारं घडी घालून बसवण्याची कल्पना जगभर पोचवली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी. त्यांच्या कारखान्याने १८९१मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. पुढे त्याच कारखान्याचं नाव व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्यांचा सर्वांत लहान लोकप्रिय चाकू ५८ मिलिमीटरचा, वजन २१ ग्रॅमच्या आसपास. त्यात पातं, कात्री, कानस, चिमटा आणि दातकोरणं. शेवटच्या दोन वस्तू वाचून हडप्पाचा संच आठवला तर नवल नाही. दुसरी शाखा अमेरिकेतली. टिम लेदरमन १९७५मध्ये जुन्या फियाटमधून युरोप आणि मध्यपूर्वेत हिंडत होते. गाडी सारखी बिघडायची, खिशात साधा चाकू, पक्कड मात्र नाही. मग पक्कड पोटात घेतलेला चाकू बनवायचं त्यांनी ठरवलं आणि तो १९८३मध्ये विक्रीला आला. मला तरी खान्देशच्या रस्त्यांवर चाकूपेक्षा पक्कड जास्त पटते. गाडीची क्लच केबल किंवा सैल झालेला नट चाकूला दाद देत नाही. पण खरी पक्कड कडीत पेलवत नाही, ती डिकीतच बरी.

चाकूबाबत कायदाही माहीत असावा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं, घरगुती आणि शेतीच्या कामाची सोडून, परवान्याच्या कक्षेत येतात. दोन इंचांचा फळं कापायचा चाकू त्यात बसत नाही. मात्र सणावारांच्या, निवडणुकांच्या काळात जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश काढतं, आणि त्या दिवसांत शस्त्र किंवा शस्त्रासारखं काही जवळ बाळगायला मनाई असते. मिरवणुकीला जाताना चाकू घरीच ठेवलेला शहाणपणाचा. जळगावहून २०२४पासून गोवा, हैदराबाद, पुण्याला विमानं सुरू झाली, तिथेही हातातल्या सामानात चाकू चालत नाही. तो चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर तपासणीच्या टेबलावर सोडून द्यावा लागेल.

खताची गोणी फोडायला मात्र चाकू लागतच नाही. गोणीची शिवण साखळी टाक्याची असते. एका टोकाकडून सुरुवात केली तर ती अडकते, दुसऱ्या टोकाकडून दोरा सोडवून ओढला की सबंध शिवण सर्रकन उसवते आणि युरियाची ४५ किलोची गोणी फाटल्याशिवाय मोकळी होते. मग ती पेरणीनंतर दुसऱ्या कामाला वापरता येते. विळा खुपसण्याची सवय आपल्याकडे उगाचच आहे.

शिट्टीबद्दल थोडक्यात. चैत्रात धुळे-जळगावहून हजारो लोक पायी सप्तशृंगी गडाला निघतात. दिवसा ऊन पोळत असल्याने बरीचशी वाटचाल रात्री, महामार्गाच्या कडेने होते. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही, आणि तिचा आवाज लांबवर जातो. मागचा माणूस थांबला, कुणी चक्कर येऊन पडलं, ट्रक फार जवळून आला, सगळ्याला ती कामी येते. आत गोळी नसलेली शिट्टी घ्यावी, ती घामाने-धुळीने अडकत नाही. पाल किंवा तोरणमाळकडे सातपुड्यात भटकणाऱ्यांनीही तीच न्यावी. सिम काढायची पिन हीसुद्धा अशीच फुकटची वस्तू. नव्या फोनच्या खोक्यातली पिन कडीत ओवा, दोन सिम बदलणाऱ्यांना ती शोधावी लागत नाही.

हरवलेली किल्ली शोधून देणारी चकती आता सगळ्यांना हवी असते. ॲपलने एअरटॅग २०२१मध्ये आणला. त्याचं वजन ११ ग्रॅम आणि आत तोच सीआर २०३२. ती चकती स्वतः उपग्रहाशी बोलत नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या फोनला ब्लूटूथने हाक देते आणि तो फोन तिचा ठावठिकाणा कळवतो. अँड्रॉइड फोनसाठीही गूगलने २०२४मध्ये असं जाळं सुरू केलं. म्हणजे किल्ली पुण्याच्या मॉलमध्ये पडली तर ती पटकन सापडेल. शिरपूरच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावरच्या शेतात पडली, तर तिथून तसा फोन घेऊन कुणी जाईपर्यंत वाट पाहायची.

आता मुख्य धोका, तो म्हणजे वजन. एवढं सगळं एकाच कडीत घातलं की ते गाडीच्या स्विचला लोंबकळतं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने २०१४मध्ये लाखो गाड्या परत मागवल्या, कारण त्यांचा इग्निशन स्विच सैल होता. जुडगा जड असेल किंवा गाडीला हादरा बसला तर किल्ली फिरून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं की कडीत गाडीच्या किल्लीशिवाय काहीही ठेवू नका. आपल्या मोटारसायकलींत तसा दोष आहे असं माझं म्हणणं नाही, पण खड्ड्यांत आपटणारा जुडगा स्विचच्या आतली पितळी पट्टी झिजवतो आणि टाकीवर ओरखडे पाडतो, एवढं उघड आहे. सोपा उपाय म्हणजे दोन कड्या आणि मध्ये हुक. गाडी सुरू करताना गाडीची किल्ली एकटी, हत्यारांची कडी खिशात.

आणि किल्लीचा फोटो कुठे टाकू नका. नव्या घराची किल्ली हातात धरून स्टेटस ठेवण्याची पद्धत पडली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २००८मध्ये दूरवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे खाचे मोजून तिची नक्कल बनवता येते हे दाखवून दिलं होतं. कडीला घरचा पत्ता लिहिलेली चकती लावणं हेही तितकंच धोक्याचं. नंबर लिहायचाच तर स्वतःचा नको. किल्ली आणि मोबाइल बहुधा एकाच खिशातून पडतात, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी लिहावा.